पत्त्यातला शेवटचा आकडा

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तू लॅपटॉप माझ्यासमोर ठेवलास आणि शाळेच्या संकेतस्थळावरचे तुझे गुणपत्रक दाखवलेस. पानाच्या पत्त्याच्या शेवटी एक क्रमांक होता. त्यातला शेवटचा आकडा तू एकाने वाढवलास, एंटर दाबलेस, आणि पडद्यावर दुसऱ्याच कोणाचे तरी नाव आणि गुण आले. तू आधी हसलीस, मग गप्प झालीस, आणि थोड्या वेळाने दोन प्रश्न विचारलेस: आपण केले ते चूक होते का, आणि याच कामात पुढे जायचे असेल तर कोणता कोर्स करावा लागतो. पहिल्याचे उत्तर मी तिथेच थोडक्यात दिले. दुसऱ्याचे देता देता मध्यरात्र उलटली असती, म्हणून हे पत्र. मी वीस वर्षे सर्व्हर, म्हणजे अशी पाने पुरवणारी यंत्रे, सांभाळण्याची नोकरी करते आहे, तेव्हा यात आईपेक्षा ती नोकरी करणारी बाईच जास्त बोलेल, हे आधीच सांगून ठेवते.

तू काय पाहिलेस ते आधी नीट समजून घे. लॉगिन करताना सर्व्हरने ‘तू कोण’ असे विचारले आणि तुझा पासवर्ड तपासला. क्रमांक बदलल्यावर मात्र ‘हे गुणपत्रक तुझेच आहे का’ हे त्याने विचारलेच नाही. पहिल्या तपासणीला ऑथेंटिकेशन म्हणतात आणि दुसरीला ऑथरायझेशन. नावे जुळ्या भावंडांसारखी असल्यामुळे नवे प्रोग्रामर त्यांची गल्लत करतात, आणि खरे सांगायचे तर जुनेही करतात. वेबवरील सर्वांत गंभीर धोक्यांची यादी ओवास्प ही संस्था दर काही वर्षांनी काढते. २०१७ च्या यादीत प्रवेशाच्या अधिकारांतील चुका पाचव्या क्रमांकावर होत्या, २०२१ मध्ये त्या पहिल्या क्रमांकावर आल्या. म्हणजे तुला सापडले ते विलक्षण नव्हते, कोणालाही सापडले असते. मला बरे वाटले ते तू एका आकड्यावर थांबलीस याचे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या दहा ओळींत सगळ्या शाळेची गुणपत्रके उतरवून घेता आली असती, आणि तेवढे पायथन तुला येते.

दार उघडे होते म्हणून आत जाण्याची परवानगी होती, असे कायदा मानत नाही. अनेक देशांत परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हाच गुन्हा धरला जातो, मग नुकसान झालेले असो वा नसो. म्हणूनच रात्री आपण मुख्याध्यापकांना पत्र लिहिले तेव्हा कोणते पान, कोणती कृती आणि किती वाजता एवढेच त्यात ठेवले, आणि त्या दुसऱ्या मुलीचे नाव दिसणारे पडद्याचे छायाचित्र तुला पुसायला लावले. तुला ते छायाचित्र पुरावा म्हणून हवे होते. पण दोष समजण्यासाठी त्या मुलीचे गुण लागत नाहीत.

या संदर्भात एक जुनी हकीकत तुला माहीत असावी. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर आपोआप पसरणारा एक प्रोग्राम सोडला. फायली पुसून टाकील असे त्यात काहीही नव्हते. मात्र एखाद्या संगणकावर आधीच एक प्रत आहे असे आढळले तरीही सातातून एकदा नवी प्रत तिथे राहावी, असे त्याने लिहून ठेवले होते, आणि हे प्रमाण फारच जास्त ठरले. एकेका यंत्रावर प्रतींची इतकी गर्दी झाली की यंत्रे जागच्या जागी बसली. सुमारे ६,००० यंत्रांना झळ लागली असा तेव्हाचा अंदाज होता. १९९० मध्ये त्याला तीन वर्षांचे प्रोबेशन, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला, हे खरे. पण मी विचार करते तो त्याच्या वडिलांचा. ते त्याच काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय संगणक सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ होते. त्या घरात हा विषय आपल्या घरापेक्षा किती तरी अधिक बोलला जात असेल, आणि तरीही!

आता कोर्सविषयी. माझे मत स्पष्ट आहे, आणि ते तुला नीरस वाटेल: या वयात ‘सायबर’ या शब्दाच्या मागे धावू नकोस. संगणक, नेटवर्क आणि गणित यांच्या मागे लाग. ज्याला एखादी गोष्ट नीट कशी चालते हे ठाऊक नाही, त्याला ती कुठे मोडेल हे कळत नाही. २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष पाहा. दोन संगणकांमधला जोड अजून जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी एकाने दुसऱ्याला एक छोटा शब्द पाठवायचा आणि दुसऱ्याने तोच परत करायचा, एवढी साधी सोय ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होती. शब्दाबरोबर त्याची लांबीही कळवायची असे. कोणी चार अक्षरे पाठवून लांबी चौसष्ट हजार सांगितली, तर समोरचा सर्व्हर चार अक्षरे देऊन पुढची हजारो अक्षरे आपल्या स्मृतीतून, जे काही हाती लागेल ते, उचलून देत असे. त्यात पासवर्डही असत. तुझ्या गुणपत्रकाच्या पानाने तरी वेगळे काय केले? विचारणाऱ्याने सांगितलेला आकडा त्याने न तपासता खरा धरला. पण हार्टब्लीडमधली ही चूक डोळ्यांनी दिसायची असेल तर स्मृती म्हणजे काय आणि सी भाषेत ती कशी हाताळतात, हे यावे लागते. म्हणून पायथनबरोबर थोडी सी शीक, त्रास झाला तरी.

नेटवर्कसाठी वायरशार्क हा मोफत प्रोग्राम घे आणि आपल्याच घरच्या जोडणीवर, आपल्याच यंत्रावरची ये-जा पाहा. तू एखादा पत्ता टाइप करतेस आणि पान उघडते, या दोहोंमध्ये डीएनएसची, म्हणजे त्या नावाचा यंत्राला समजणारा क्रमांक कोणता याची, विचारणा असते, मग तीन पॅकेटांची, म्हणजे माहितीच्या छोट्या पुडक्यांची, ओळखपाळख असते, मग दोन्ही बाजू गुप्त किल्ली ठरवतात, आणि त्यानंतर कुठे पहिले अक्षर येते. यातले प्रत्येक पॅकेट बोटाने दाखवून मला समजावता आले की नेटवर्क तुला आले, असे मी समजेन. याला महिनाही लागेल, दोनही लागतील. घाई करण्यासारखे त्यात काही नाही.

बहुतेक सर्व्हर ज्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, तिच्याविषयी माझीच एक फजिती सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी चाचणीसाठी एक सर्व्हर उभा केला आणि वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड दोन्ही ‘टेस्ट’ असे ठेवून, संध्याकाळी बदलू म्हणून, विसरून गेले. दुसऱ्या दिवशी ते यंत्र विचित्र वागू लागले. लॉग, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेली नोंदवही, उघडला तर पासवर्ड चुकल्याच्या हजारो ओळी, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी एकच ओळ, पासवर्ड स्वीकारल्याची. ती ओळ शोधायला मला चार तास लागले, कारण मी लॉग वरून खाली वाचत बसले होते. ग्रेप ही मजकुरातून हवा तो शब्द शोधणारी एक आज्ञा नीट वापरता आली असती तर चार सेकंद पुरले असते. आमच्या वरिष्ठांनी यंत्राची तार काढली, मला एक शब्दही बोलले नाहीत, आणि झाल्या प्रकाराचा दोन पानी अहवाल लिहायला सांगितला. तो अहवाल त्यांनी तीनदा परत केला. कोणत्या वेळी काय घडले, ते आपल्याला कशावरून कळले आणि काय अजून कळलेले नाही, हे वेगवेगळे लिहायला मी तेव्हा शिकले. या क्षेत्रात निम्मे काम लिहिण्याचे आहे, आणि भाषेच्या तासाला तू खिडकीबाहेर पाहत बसतेस, हे जाता जाता.

गणितातले काय लागते असे तू नक्की विचारशील. आरएसए ही मजकूर गुप्त करण्याची १९७७ मधील पद्धत दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा असतो आणि त्या गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे अतिशय अवघड असते, यावर उभी आहे. तिच्यासाठी भागाकारात उरणाऱ्या बाकीचे अंकगणित लागते, आणि ते शाळेच्या गणितापासून फार दूर नाही. पण रोजच्या कामात जास्त उपयोगी पडते ती संभाव्यता. समज, दिवसाला एक लाख घटना नोंदल्या जातात आणि त्यांतल्या दहाच खऱ्या हल्ल्याच्या आहेत. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा नव्व्याण्णव टक्के अचूक आहे. तरीही निर्दोष घटनांपैकी एक टक्का, म्हणजे हजाराच्या आसपास, खोट्या सूचना येतील आणि त्यांच्या गर्दीत त्या दहा खऱ्या बसलेल्या असतील. रात्रपाळीला बसलेल्या माणसाचे डोळे तिसऱ्या दिवशी का थकतात, ते या हिशेबातून कळते. चित्रपटांत दाखवतात त्यापेक्षा हे काम पुष्कळ कंटाळवाणे आहे, आणि तो कंटाळा सोसतो का हे कळायला आणखी दोन वर्षे तुझ्या हाती आहेत.

सरावासाठी परवानगी असलेल्या जागा भरपूर आहेत. ओव्हरदवायर या संस्थळावरील बँडिट हा खेळ अगदी नवख्यांसाठी आहे: पहिल्या पायरीवर दूरच्या यंत्रात लॉगिन करून एक फाइल वाचायची असते, आणि लगेच पुढच्या पायरीवर फाइलचे नाव नुसती एक आडवी रेघ असते. नेहमीच्या रीतीने ती उघडायला जावे तर आज्ञा फाइल उघडतच नाही, तू काही टाइप करशील याची वाट पाहत बसते. तिथे अडकशील; अडकलीस तर उत्तर शोधू नकोस, आज्ञेची माहितीपुस्तिका वाच. कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ ही सुरक्षेची कोडी सोडवण्याची स्पर्धा तर २०१३ मध्ये शाळकरी मुलांसाठी सुरू झाली आणि ती विनामूल्य आहे. आपल्या जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा दुसरा खोटा संगणक, उभी करून त्यात हवे ते मोडण्याची मुभा मी देते. प्रत्येक कोडे सुटल्यावर, आणि न सुटल्यावरही, काय करून पाहिले ते वहीत लिही. पुढे मुलाखतीत ती वही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते, हे मी उमेदवार निवडणाऱ्यांच्या बाजूला बसून पाहिले आहे.

पदवी कोणती, तर संगणकशास्त्र किंवा संगणक अभियांत्रिकी मला अधिक पसंत आहे. खास सायबर सुरक्षेच्या पदव्या आता निघाल्या आहेत आणि त्यांतल्या काही चांगल्याही आहेत. पण अभ्यासक्रम उघडून पाहा, आणि ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क व प्रोग्रामिंग यांऐवजी साधनांच्या नावांचीच यादी दिसली तर तो बाजूला ठेव, कारण साधने दर काही वर्षांनी बदलतात. पदविका करून, एखाद्या कार्यालयात मदतकक्षावर किंवा नेटवर्कच्या कामावर दोन-तीन वर्षे काढून इकडे आलेली माणसेही मी पाहिली आहेत, आणि ती पुष्कळदा पदवीधरांपेक्षा पक्की निघतात. कायदा, लेखापरीक्षण किंवा मानसशास्त्र शिकूनही इथे येता येते. शेवटी फसवले जाते ते माणसालाच.

प्रमाणपत्रांच्या जाहिराती तुला रोज दिसतात, म्हणून तीनच गोष्टी. सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीचे प्रमाणपत्र, पदवीच्या काळात घेण्यासारखे. सीआयएसएसपी या प्रतिष्ठित प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांच्या पगारी कामाचा अनुभव लागतो, पदवीमुळे त्यात एका वर्षाची सूट मिळते. तेव्हा शाळा संपताच ते मिळवून देतो असे कोणी म्हटले तर फोन ठेवून दे. आणि ओएससीपी या, परवानगीने हल्ला करून दोष शोधणाऱ्यांच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेत जवळजवळ चोवीस तास यंत्रांत शिरण्याचे प्रयत्न करायचे असतात आणि त्यानंतर अहवाल लिहायला आणखी चोवीस तास मिळतात. बघ, तिथेही पुन्हा अहवाल.

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हा डेटाबेसवर काम करणारा अभियंता स्वतःच्या कामाच्या चाचण्या घेत होता. यंत्रात दूरून लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे त्याच्या लक्षात आले. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि एक्सझेड या जगभर वापरल्या जाणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी मुद्दाम लपवलेला चोरदरवाजा त्याला सापडला. त्याच्या पदाच्या नावात ‘सुरक्षा’ हा शब्द नव्हता. त्याला नेहमीचा वेळ किती लागतो हे माहीत होते.

शाळेचे उत्तर अजून आलेले नाही. पानात दुरुस्ती झाली का, हे पाहण्यासाठी तो आकडा पुन्हा बदलून बघावासा तुला वाटेल, आज दुपारीच वाटले असेल. त्यांनी लेखी सांगितल्याशिवाय बघू नकोस. रविवारी सकाळी जुना लॅपटॉप काढून ठेव. त्याची बॅटरी गेलेली आहे, चार्जर माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे.

तुझी,
आई