अँटेना मोजायला जागा द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत अभियांत्रिकीच्या मुलांना विद्युतचुंबकत्व शिकवते आणि मायक्रोवेव्ह सेन्सरवर संशोधन करते. मागणी एकच आहे. सांगली, सातारा आणि कोल्हापूर मिळून अँटेना आणि मायक्रोवेव्हच्या मोजमापाची एक सामायिक प्रयोगशाळा उभी करा आणि ती चालवायला कायमस्वरूपी तंत्रज्ञ नेमा.

संगणकावर अँटेना काढली की आमचं निम्मंच काम होतं. २८ गिगाहर्ट्झ वारंवारतेला लहरीची तरंगलांबी जेमतेम १ सेंटिमीटर. तिथे सोल्डरचा एक थेंबही उत्तर बदलतो, केबल जोडायचा नेहमीचा एसएमए कनेक्टरही तिथे पुरत नाही. म्हणून अँटेनात शिरणारी आणि परत फिरणारी लहर मोजणारा नेटवर्क अ‍ॅनालायझर हवा, आणि अँटेना कुठल्या दिशेला किती ऊर्जा फेकते हे पाहायला अ‍ॅनेकॉइक चेंबर, म्हणजे भिंतींवरून लहरी परत न फिरणारी खोली. मोजलेले आकडे नसले की चांगल्या संशोधन पत्रिका पेपर परत पाठवतात. मग पोरं अँटेना डब्यात घालून पुण्या-मुंबईला तारखा मागत फिरतात.

हे काम इथेच व्हायला हवं, कारण प्रश्न इथले आहेत. विद्युतक्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो हे सांगणारा डायइलेक्ट्रिक स्थिरांक पाण्याचा ८०च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५. एवढ्या फरकामुळे जमिनीतली ओल मायक्रोवेव्हने मोजता येते. बेदाण्यातला, हळकुंडातला ओलावाही. पण चिकणमाती पाणी धरून ठेवते, त्यामुळे कृष्णाकाठच्या काळ्या रानाचा ओल मोजायचा आलेख जतच्या मुरमाड माळाला लागू पडत नाही. तो आलेख दुसरं कुणी आपल्यासाठी काढून देणार नाही. तिकडे साताऱ्यात मांढरदेवला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं एक्स-बँड रडार आहे. त्याची ३ सेंटिमीटरची लहर मुसळधार पावसात क्षीण होते. ती तूट भरून पाऊस अचूक कसा मोजायचा, हा आमच्या मुलांच्या पीएचडीचा विषय व्हायला हवा. २०१९चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला त्याचं मोल सांगावं लागत नाही.

नुसती यंत्रं मात्र देऊ नका. मी पूर्वी होते त्या महाविद्यालयात महागडा अ‍ॅनालायझर आला, पण त्याचं मोजमाप तपासून जुळवायच्या कॅलिब्रेशन किटची तरतूद झाली नाही. कंत्राटी तंत्रज्ञ सोडून गेला आणि यंत्रावर कापड पडलं. ते हाताळू शकणारी, पीएचडी झालेली मुलगी तासिका तत्त्वावर शिकवत होती. सुट्टी लागली की तिचं मानधन बंद. ती बेंगळुरूच्या कंपनीत गेली. तिला थांब म्हणायला माझ्याकडे काहीच नव्हतं, याचं फार वाईट वाटतं.

जागेवरून वाद नको. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७पासून सांगलीत आहे, तरी मी सांगलीची असून म्हणते, प्रयोगशाळा कराडला करा. तिथे १९६०पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तिन्ही जिल्ह्यांना ते मध्ये पडतं. कुपवाड, मिरजेच्या कारखानदारांनाही ती सशुल्क खुली ठेवा. देखभालीचा काही खर्च त्यातून निघेल.

येत्या अर्थसंकल्पात निदान तंत्रज्ञाचं पद मंजूर करा. महाविद्यालयांत पडून असलेल्या यंत्रांवर तो लगेच काम सुरू करील. चेंबर पुढच्या वर्षी आली तरी चालेल.

आपली विश्वासू,
विद्युतचुंबकत्वाची एक प्राध्यापिका, सांगली