इन्फ्युजन रूममधल्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पहिल्या डोसच्या दिवशी माझ्या पिशवीतला पावडरचा डबा बघून तुम्ही विचारलं होतं, "हे कशासाठी?" मी म्हणाले, प्रतिकारशक्ती वाढवायला. तुम्ही हसला नाहीत. शीर शोधता शोधता म्हणालात, "अहो, तुमची प्रतिकारशक्ती कमी नाहीये. ती नको तिथे कामाला लागलीय."

क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला सतत सूज आणणाऱ्या आजाराचं, निदान होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. भेटेल तो मला अशक्त ठरवत होता आणि मीही ते मुकाट मान्य केलं होतं. स्टिरॉइडने बरं वाटायचं, डोस उतरवला की पुन्हा रक्त, पुन्हा कळा.

इन्फ्लिक्सिमॅब हे औषध सलाईनमधून दोन तास थेंब थेंब जात होतं आणि तुम्ही येता-जाता तुकड्यातुकड्यांनी सांगत होतात. आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं. पलीकडे अब्जावधी जिवाणू, आणि त्यांच्याशी जमवून घेणं हेही प्रतिकारशक्तीचंच काम. ते जमेनासं झालं की प्रतिकारशक्तीच्या पेशी टीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात. म्हणजे बोंबच ठोकतात. ती ऐकून रक्तातून आणखी पेशी धावून येतात, सूज येते, जखमा होतात. एरवी काम झालं की ही बोंब थांबते, माझ्या पोटात ती थांबतच नव्हती. सलाईनमधलं औषध त्या टीएनएफलाच जाऊन चिकटतं. शौचाच्या तपासणीतलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिनही धावून आलेल्या पांढऱ्या पेशींचंच, हे तुम्ही सांगितल्यावर तो रिपोर्ट मला पहिल्यांदा वाचता आला.

नंतर वाचलं, तर प्रकरण इतकं सरळही नाही. क्रोन्सशी नातं असलेला नॉड-२ हा जनुक २००१ साली सापडला. तो जिवाणू ओळखायच्या कामातला. म्हणजे काहींच्या बाबतीत ओळखण्यातच गफलत असते. शिवाय त्यात बदल असलेल्या बहुतेकांना हा आजार होतही नाही. (हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता तुम्हीच शिकवा आम्हाला.")

सगळ्यात मोठे आभार मात्र खोकल्यासाठी. तिसऱ्या डोसला, सहाव्या आठवड्यात, मी "साधा आहे" म्हणून खोकल्याचं बोलले नव्हते. तुम्ही दोनदा खोकताना ऐकलंत, सलाईन लावलंच नाही, डॉक्टरांना बोलावलंत. क्षयाचे जंतू शरीरात दबून असतील तर त्यांना कोंडून ठेवायला हाच टीएनएफ लागतो, म्हणून तर औषधाआधी छातीचा एक्स-रे काढला होता, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. पुन्हा तपासण्या झाल्या, क्षय निघाला नाही, डोस आठवडाभराने मिळाला. मी तेव्हा तुमच्यावर चिडले होते. माफ करा.

डबा टाकून दिला. आता दर आठ आठवड्यांनी येते. पुढच्या वेळी ड्युटी तुमचीच असू द्या, मागच्या वेळी त्या नव्या मुलाने शिरेसाठी तीनदा टोचलं.

तुमची,
खिडकीजवळच्या खुर्चीतली पेशंट