अन्यास, बॉम्बे टोस्टवरून

ठाणे, रविवार दुपार

प्रिय अन्या,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, हिची शुगर आटोक्यात आहे, बस्स. फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच तोडशील, म्हणून लिहितोय.

आमच्या रेवाचं लग्न ठरलं. मुलगा तिनेच पाहिलेला, तिच्याच ऑफिसातला. शांत आहे, मला आवडला. गेल्या आठवड्यात त्यांनी सकाळी नाश्त्याला बोलावलं होतं. रेवाला आवडतो हे मुलाकडून कळलं म्हणून त्याच्या आईने मुद्दाम काय करावं? फ्रेंच टोस्ट! आणि त्यांच्या घरात अंडं येत नाही. दुधात कस्टर्ड पावडर आणि साखर कालवलेली, त्यात स्लाइस बुडवून तुपावर भाजलेले, वर पिस्त्याचे काप. रंग हुबेहूब.

चांगला झाला होता रे, खोटं कशाला बोलू. आणि कस्टर्ड पावडर निघालीच मुळी अशा घरासाठी. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ साली ती केली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. फरक फक्त आत. अंडं तव्यावर घट्ट होतं आणि ब्रेडला आतून धरून ठेवतं. त्या पावडरीतलं कॉर्नफ्लोअर नुसतं खळीसारखं दाटतं, मधला भाग लिबलिबीत राहतो. पण त्या बाईंनी किती मायेने केलं होतं, त्याला तोड नाही.

तर रेवाने दोन खाल्ले, तोंड पुसलं आणि सहज म्हणाली, "काकू, मी पण आता अंडं सोडलंय."

अन्या, कोणी सोड म्हटलं नव्हतं. त्या बाईच उलट म्हणाल्या, "अगं, बाहेर खा की, माहेरी खा, माझं काही म्हणणं नाही." तर ही म्हणते, "नाही, सोडलंच." मला घास गिळेना.

ही कोण मुलगी आहे तुला माहीत आहे. जर्मनीत आखेनला शिकायला गेली तेव्हा तिथून तिचे फोन कशावरून यायचे? तिची घरमालकीण शिळ्या ब्रेडचे जाड तुकडे दूध-अंड्यात भिजवून लोण्यावर परतायची, वर दालचिनी-साखर, आणि त्याला म्हणायची आर्मे रिटर, म्हणजे गरीब सरदार. सोबतच्या स्पॅनिश मुलीने ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तोरीखास केले, दुधात लिंबाची साल आणि दालचिनी उकळून, मग अंड्यात घोळवून ऑलिव्ह तेलात तळलेले. फ्रेंच पोरगा म्हणे, आमचा तो पँ पेर्द्यू, वाया गेलेला पाव. आणि आपली रेवा त्या स्वयंपाकघरात उभी राहून सगळ्यांशी भांडली, की यात वेलची पडल्याशिवाय अर्थ नाही, आमच्याकडे याला अंड्यातला पाव म्हणतात आणि तो रविवारी माझे बाबा करतात. दुसऱ्या दिवशी फोन करून मला प्रमाण विचारलं. दोन स्लाइसना एक अंडं, पाव वाटी दूध, आच मंद. एवढी जिच्या हक्काची गोष्ट, ती एका वाक्यात सोडून मोकळी?

हिला बोललो तर ही म्हणते, "अंडंच ना? मी मालवणची, तुमच्या घरी येऊन बुधवार-शुक्रवारवर आले. तेव्हा कोणाला घास अडकला नाही." यावर काय बोलणार? तिच्या माहेरचा पावाचो पोळो, कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेला, आमच्या स्वयंपाकघरात आई असेपर्यंत झालाच नाही. आता होतो. रेवा लहानपणी दोन्ही खायची, आधी तिचा तिखट, मग माझा गोड.

म्हणून मला तुझी बहीण नंदा आठवली, आणि म्हणूनच हे पत्र तुला. नंदा दिल्या घरी कांदा-लसूणसुद्धा नव्हता. पण माहेरी आली की तू गच्चीवर स्टोव्ह पेटवायचास आणि ती उभ्या-उभ्या खायची. तिने कधी सोडलं म्हटलं नाही. "तिकडे करत नाही," एवढंच म्हणायची आणि पुढचा स्लाइस घ्यायची. तुमच्या आजी खालून ओरडायच्या, "बॉम्बे टोस्ट जाळलास काय रे?" गिरगावात जन्म गेला माझा, मुंबईत कोणी त्याला बॉम्बे टोस्ट म्हणताना ऐकलं नाही. ते ऐकायला बेळगावला यावं लागलं.

आणि हो, साखरेचं अजूनही मला पटलेलं नाही. दूध-अंड्यातच साखर घातली की तव्याला लागते आणि काळी पडते, हे तुझं बरोबर. पण तुझ्यासारखी वरून भुरभुरवली की ती दाताखाली कचकचते आणि आत सगळं फिकं. आच मंद ठेव, लागत नाही. पुण्याला सदाशिव पेठेतल्या आपल्या खोलीत त्या स्टोव्हवर आच मंद व्हायचीच नाही, म्हणून तू जिंकलास, एवढंच. अंड्याची टरफलं पेपरात गुंडाळून, शर्टाच्या आत दडवून अलका टॉकीजपर्यंत नेऊन टाकायचो, आणि दिघ्या सॉस मागायचा! मालकीणबाईंना वास येत नसेल असं तुला खरंच वाटायचं?

विषय अंड्याचा नाही रे. आपण होऊन, न मागता, आणि तेही हसत सोडलं, याची मला भीती वाटते. आज अंडं. उद्या तिला बदलीची चांगली संधी आली आणि घरात कोणी चेहरा जरासा पाडला, तर तीही अशीच "सोडली" म्हणेल. मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत, आणि नेमकं म्हणूनच तिला कोणी अडवणार नाही. वाईट माणसांशी ती भांडली असती. लहानपणापासून भांडत आलीय.

तेव्हा नंदाला विचार. तिला कोणी काही सांगितलं होतं का? की तिचं तिलाच ठरवता आलं, कुठे काय ठेवायचं आणि कुठे काय नाही? मी रेवाला सांगणार आहे, तिकडे करू नकोस, पण रविवारी इकडे ये आणि खा. पण बापाने सांगितलं की ऐकण्यासारखं वाटतं की हट्ट वाटतो, हे नंदाच सांगू शकेल. साखरपुडा दिवाळीनंतर आहे, त्याआधी बोलायला हवं.

तुझ्या टिळकवाडीच्या घराचं रंगकाम संपलं का? नातवाच्या मुंजीचे फोटो पाहिले, तू फेट्यात शोभतोस. सुनेला नोकरी लागली हे उत्तम झालं. वहिनींना नमस्कार.

नंदा काय म्हणाली ते लगेच कळव. तिचा नवा नंबर माझ्याकडे नाही, तोही पाठव. तिची हरकत नसेल तर मी रेवालाच तिच्याशी बोलायला लावतो.

तुझा,
विन्या