सही करण्याआधी ती एक ओळ पुन्हा वाच

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन्ही ऑफर लेटर वाचली. पहिल्या कंपनीचा पगार जास्त आहे, आणि शिक्षणाच्या कर्जासाठी गहाण ठेवलेलं घर सोडवायची तुला घाई झालीये, म्हणून तुझा कल तिकडे दिसतो. पण दुसऱ्या पत्रात शैक्षणिक कर्जफेडीला वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत मदत लिहिली आहे. फोनवर त्याबद्दल तू काहीच बोलली नाहीस.

हा आकडा कंपनीने मनाने ठरवलेला नाही. अमेरिकेच्या आयकर कायद्यातल्या कलम १२७ प्रमाणे कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी एवढी रक्कम करमुक्त देता येते. ती पगारात धरत नाहीत. पूर्वी त्यात फी, पुस्तकं वगैरेच बसायचं. कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, शैक्षणिक कर्जाचे हप्तेही बसू लागले. ती सोय २०२५ अखेर संपायची होती, पण त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कायदा होऊन ती कायम झाली. मर्यादा १९८६ पासून तेवढीच आहे. महागाईप्रमाणे ती २०२७ पासून वाढू लागेल. वर्षाला ५,२५० म्हणजे महिन्याला साधारण ४३७ डॉलर, कर न कापता. एवढेच पैसे पगारातून हातात पडायचे तर पगार त्याहून बराच जास्त लागेल. दोन पगारांची तुलना करताना हा हिशेब धर.

मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. आपलं कर्ज इथल्या बँकेचं आहे. तू कर्जदार, मी सहकर्जदार. कंपनी थेट कर्ज देणाऱ्या संस्थेला पैसे भरते, की तू हप्ता भरून पुरावा दिलास की तुझ्या खात्यात टाकते? कायद्याला दोन्ही चालतं, पण कंपनीच्या लेखी योजनेत भारतीय बँकेचं कर्ज बसतं का, ते एचआरकडून लेखीच घे. तोंडी 'हो' वर विसंबू नकोस.

पुढे एखादा कोर्स कंपनीच्या पैशाने केलास, तर किती दिवस नोकरी सोडता येणार नाही तेही विचार. मध्येच सोडली तर फी परत मागणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. आणि कंपनीनेच काढलं तर? एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की दुसरी शोधायला जेमतेम ६० दिवस मिळतात. त्यात फीची वसुली डोक्यावर नको. फी आणि हप्ते मिळून मर्यादा एकच आहे, हेही ध्यानात ठेव.

अजून एक. २०२४ पासून काही कंपन्या तू भरलेला कर्जाचा हप्ता ही तुझी ४०१(के) मधली, म्हणजे तिथल्या निवृत्तीच्या खात्यातली, बचत समजून स्वतःचा वाटा तुझ्या खात्यात घालतात. सक्ती नाही, पण विचारायला हवं. हप्त्यांपायी तू निवृत्तीची बचत बंद ठेवावीस, हे आईला आणि मला अजिबात मान्य नाही. घराची कागदपत्रं बँकेत आणखी दोन वर्षं राहिली तरी आमचं काही अडत नाही. बाळा, त्यासाठी मनाविरुद्धची नोकरी धरू नकोस.

कर्जाचं मंजुरीपत्र आणि खातेउतारा सोमवारी बँकेतून घेऊन स्कॅन करून पाठवतो. एचआरला मेल मात्र तू आजच टाक. उत्तर आल्याशिवाय सही करू नकोस.

तुझे,
बाबा