पॅनलवर ०२०, नेटवर्कवर १६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नेटवर्क स्टोरेजच्या समोरच्या बटणांवरून दिलेला आयपी पत्ता चुकीचा लागत असल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचे दोन डिस्कचे नेटवर्क स्टोरेज (फाइली साठवून नेटवर्कवरच्या सर्व कॉम्प्युटरना देणारे उपकरण) भुसावळच्या आमच्या वाचनालयात बसवले आहे. बिल व वॉरंटी कार्डाची प्रत सोबत आहे. "केबल तपासा, रीसेट करा" हे उत्तर हेल्पलाइनवरून तीनदा मिळाले. दोष केबलचा नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

पॅनलवर १६ अक्षरांच्या दोन ओळी आहेत. एन्टर दाबून नेटवर्क, मग स्टॅटिक (कायमचा ठरवून दिलेला पत्ता) निवडले की आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक, प्रत्येक गटात तीन आकडे भरून द्यावा लागतो. आम्ही १९२.१६८.००१.०२० दिला. सेव्ह झाल्याचे दाखवले, स्टेटसमध्येही तोच पत्ता दिसतो. मात्र शेवटी २० असलेल्या त्या पत्त्याला पिंग (उपकरण उत्तर देते का, याची चाचणी) लागत नाही. कॉम्प्युटरवर एआरपी यादी (कोणता आयपी पत्ता कोणत्या उपकरणाचा, याची नोंद) पाहिली, तर स्टोरेजचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यात दिलेला ओळख क्रमांक, १९२.१६८.१.१६ समोर. तो आकडा आमच्या ग्रंथसूचीच्या कॉम्प्युटरचा, त्यामुळे दोघेही आळीपाळीने बंद पडतात.

कारण उघड आहे. आधी शून्य असलेला आकडा आपले फर्मवेअर (उपकरणातले अंगभूत सॉफ्टवेअर) अष्टमान पद्धतीने, म्हणजे ० ते ७ हे आठच अंक धरून, वाचते. त्या पद्धतीत ०२० म्हणजे १६, ०१० म्हणजे ८, ०५० म्हणजे ४०. पडताळा सोपा आहे : शेवटी ००८ किंवा ०१८ द्या, लगेच एरर येते, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही. ००१ ते ००७ आणि १०० च्या पुढचे आकडे बरोबर लागतात. गेटवे (राउटरचा पत्ता) ००१ आणि मास्क (नेटवर्कची व्याप्ती सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.००० म्हणूनच बिनचूक बसले, अन् संशय केबलवर गेला. एरर आलेली परवडली. निमूटपणे भलता पत्ता घेणे जास्त वाईट.

रीसेट केल्यावर हाच पत्ता पुन्हा देणे ही वेगळीच कसरत. खाली जाणारे बटण ० वरून ९ वर जात नाही, म्हणून ९ साठी वरचे बटण नऊ वेळा दाबायचे. सगळे मिळून आकड्यांसाठी ३०, पुढे सरकण्यासाठी ११ आणि शेवटी एन्टर : ४२ दाब. मेनू मात्र ३० सेकंदांत मिटतो आणि भरलेले सारे पुसतो. ही वेळ शेवटच्या दाबापासून मोजायला हवी, ती मेनू उघडल्यापासून मोजली जाते.

त्यात मे महिना. खोलीत ४२ अंश झाले की स्क्रीन काळी पडते, अक्षर उमटत नाही. माहितीपुस्तिकेत ४५ अंशांपर्यंत चालेल असे छापले आहे. भुसावळचा उन्हाळा आम्ही बदलू शकत नाही. कॉन्ट्रास्ट कमी करण्याची सोय फक्त ब्राउझरमध्ये आहे, आणि पत्ता लागल्याशिवाय ब्राउझर उघडणार कसा?

सध्या शेवटचा आकडा २२० देऊन काम चालवले आहे. राउटर १०० ते १९९ हे शेवटचे आकडे इतर उपकरणांना आपोआप वाटतो, म्हणून त्याच्या पुढचा घेतला.

१५ दिवसांत दुरुस्त फर्मवेअर द्यावे, ज्यात पुढची शून्ये काढून आकडा दशमानात वाचला जाईल, मेनूची वेळ वाढेल आणि कॉन्ट्रास्ट पॅनलवरूनच बदलता येईल. ते जमत नसल्यास उपकरण परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. अन्यथा जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करू. एआरपी यादी आणि पॅनल यांचे एकाच वेळी काढलेले फोटो जोडले आहेत.

आपले,
वाचनालयाचा संगणक विभाग, भुसावळ