काकू, ती ओळ मी काढली

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी ग्रंथालयात केक कापला होता. मी रांगेत होते. माझी पाळी आली तेव्हा तोंडातून "थँक्यू काकू" एवढंच निघालं. तुम्ही म्हणालात, "बरं बरं, पोरीला आणत जा इथे," आणि मागच्या माणसाकडे वळलात. पुढच्या आठवड्यात तुम्ही मुलाकडे मेलबर्नला गेलात. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. शिवाय परदेशात राहून चोरून मराठीत लिहिणारी माझ्यासारखी आणखी कुणी असेल, तिच्याही हाती हे पत्र लागावं असं वाटतं.

आपली ओळख झाली ती शनिवारच्या गोष्टींच्या तासाला. लेक गालिच्यावर बसून इंग्रजी गोष्टी ऐकायची आणि मी मागच्या टेबलाशी वहीत काहीतरी खरडत असायची. तुम्ही पुस्तकांची गाडी ढकलत आलात, वहीत डोकावलात आणि सरळ विचारलंत, "अगं, काय लिहितेस?" गिरगावातला तो सूर मी सिडनीच्या पश्चिम उपनगरात कित्येक वर्षांनी ऐकला. मी वही मिटली. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. तीन-चार शनिवारांनी मीच सांगितलं.

सांगण्यासारखं फार नव्हतं. पुण्यात कायदा शिकले, पण इथे वकिली करायची तर पुन्हा शिकणं आलं. म्हणून शहरातल्या एका उंच इमारतीत करारांचे कागद तपासायची नोकरी धरली. पहिल्याच दिवशी ओळखपत्रावर माझं नाव अर्धं छापून आलं, कारण पूर्ण नाव म्हणायला त्यांना अवघड जात होतं. कुणी वाईट वागलं नाही. सगळे हसून बोलायचे. पण बैठकीत मी काही म्हटलं की क्षणभर शांतता व्हायची आणि मग तेच दुसरं कुणी म्हटलं की माना डोलायच्या. घरी मी याच्या गोष्टी करायची, नवरा हसायचा, आणि त्या वहीत उतरायच्या. छापायला पाठवायचा धीर नव्हता. ज्या देशाने पोटाला दिलं त्याची थट्टा करायची, हे मला कृतघ्नपणाचं वाटायचं.

तुम्ही उपदेश केला नाहीत. पुढच्या शनिवारी काउंटरखालून एक पातळसं पुस्तक काढून माझ्या नावावर नोंदवलंत. ज्युली कोह यांचा 'पोर्टेबल क्युरिऑसिटीज' हा कथासंग्रह, २०१६चा. "ही इथलीच मुलगी. आई-वडील मलेशियातले चिनी. कायदा शिकली, वकिली सोडली आणि लिहायला लागली. वाच, मग बोलू."

मी ते सोमवारी गाडीत उघडलं, वेस्टमीडहून विनयार्डला जाताना. त्यात ऑफिसच्या उंच इमारतीत अडकलेल्या माणसाची एक गोष्ट आहे. कामाचा भार, गोड शब्द, वरचे मजले, आणि बाहेर पडायची वाट काही सापडत नाही. मी विनयार्डला उतरले आणि आमच्या इमारतीसमोर पाच मिनिटं नुसती उभी राहिले. नोकरी सोडली नाही, तेवढी ऐपत नव्हती. पण इतकी वर्षं जे मला केवळ माझं रडगाणं वाटत होतं, त्यावर कुणीतरी आधीच हात ठेवला होता, आणि तोही न रडता.

दुसरी गोष्ट वाचल्यावर मात्र मी तुम्हाला दुपारीच फोन केला होता, आठवतं? सिनेमात एकाच साच्यातलं काम करणारा 'पिवळा' माणूस पडद्यातून बाहेर येतो आणि त्याला तीन मिती असलेला माणूस व्हायचं असतं, ती गोष्ट. मी म्हणाले, "काकू, हे असं लिहिलेलं चालतं इथे?" तुम्ही म्हणालात, "संध्याकाळी ये, काहीतरी दाखवते."

तुम्ही दाखवलंत ते एक जुनं व्यंगचित्र होतं. १८८६ साली 'द बुलेटिन' या सिडनीच्या साप्ताहिकात आलेलं, फिल मे याने काढलेलं. चिनी चेहऱ्याचा एक ऑक्टोपस, त्याचे आठ हात देशाला विळखा घालताहेत आणि प्रत्येक हातावर नाव लिहिलेलं. स्वस्त मजुरी, अफू, जुगार, लाचखोरी, देवीचा रोग आणि विषमज्वर. याच साप्ताहिकाच्या शीर्षकाखाली 'ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी' ही ओळ १९६०पर्यंत छापली जात होती, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. आणि श्रुतलेखनाची परीक्षा! १९०१च्या कायद्याने अधिकाऱ्याला मुभा होती की नको असलेल्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा लिहायला सांगायचा, आणि तो जमला नाही की देशात प्रवेश नाकारायचा. १९३४ साली प्रागचा पत्रकार एगॉन किश आला. त्याला बऱ्याच युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली! पुढे उच्च न्यायालयाने ठरवलं की त्या कायद्याच्या अर्थाने ती युरोपीय भाषाच नव्हे. ती परीक्षा १९५८पर्यंत टिकली.

काकू, त्या संध्याकाळी मला जे उमगलं त्याचे आभार मानायला हे पत्र आहे. या देशात उपहास फार जुना आहे, पण आपल्यासारख्यांच्या वाट्याला तो बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाने आला. चित्रात काढले जाणारे ते, काढणारा दुसरा. ज्युली कोह यांनी कुंचल्याची मूठ आपल्या हातात घेतली. त्यात मला राग दिसतो, पण त्याहून जास्त हक्क दिसतो. स्वतःच्या घरातल्या विसंगतीवर माणूस ज्या हक्काने हसतो, तो. खाण्याच्या हौसेपायी जिवाशी खेळ करणारं आइस्क्रीम खायला निघालेली माणसं त्या लिहितात, तेव्हा त्या बाहेरून आलेल्या पाहुणीसारख्या संकोचत नाहीत. सिडनीत जन्मलेली बाई सिडनीला हसते, बस.

मग मी त्यांचं जे जे मिळेल ते शोधलं आणि तुम्ही एकेक मागवून दिलंत. पहिलं पुस्तक 'कॅपिटल मिसफिट्स' २०१५ साली ऑस्ट्रेलियात नव्हे, सिंगापूरच्या मॅथ पेपर प्रेस या छोट्या प्रकाशनाने काढलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. घरच्या दाराशी ताटकळत न बसता त्या शेजारच्या दारातून आत आल्या. पुढच्या वर्षी क्वीन्सलँड विद्यापीठाच्या प्रकाशनाने दुसरा संग्रह काढला आणि त्याला पुरस्कारांच्या अंतिम याद्यांत जागा मिळाली. २०१७ साली 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'ने त्यांना उत्कृष्ट तरुण कादंबरीकारांत गणलं, तेही कथांच्या पुस्तकावर. लघुकथा म्हणजे कादंबरीची पूर्वतयारी असं मानणाऱ्यांना तुम्ही ही बातमी मुद्दाम वाचून दाखवायचात.

पूर्व आणि आग्नेय आशियातल्या आणि तिथून बाहेर पडलेल्या लेखकांच्या कथांचं एक संकलन त्यांनी संपादित केलं. कँगनुलिपो नावाच्या प्रयोगशील लेखकांच्या गटाच्या त्या संस्थापकांपैकी एक. नावात कांगारू आहे आणि १९६० साली पॅरिसमध्ये सुरू झालेला उलिपो आहे, म्हणजे स्वतःवर मुद्दाम बंधनं घालून लिहिणाऱ्यांचा तो प्रसिद्ध गट. आणि ऑपेरा! दूरचित्रवाणीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धांची खिल्ली उडवणाऱ्या 'चॉप शेफ' या ऑपेराची संहिता त्यांची. मी चकित झाले होते. वकील, कथाकार, संपादक आणि वर ऑपेरा?

तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मी वहीत त्याच रात्री उतरवून ठेवलं. "अगं, चकित काय होतेस? आपले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकीलच होते ना? 'सुदाम्याचे पोहे' लिहिले, संगीत नाटकं लिहिली, 'बहु असोत सुंदर' लिहिलं. एकाच माणसाने." शाळेत ते गाणं मी शंभरदा म्हटलं असेन. ते लिहिणारा आणि समाजाच्या वेडगळ चालीरीतींवर पोट धरून हसायला लावणारा माणूस एकच, आणि तो विदर्भात वकिली करून पोट भरत होता, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. आपल्या मुलखावर गाणं रचणारा माणूस त्याच मुलखाची थट्टाही करत होता, आणि त्याला कुणी कृतघ्न म्हटलं नाही. माझ्या मनातली गाठ खरं तर त्या वाक्याने सुटली.

त्यानंतर मी तुम्हाला वही दिली. ओळखपत्राची गोष्ट. एका ऑफिसात दर वर्षी नवं ओळखपत्र मिळतं आणि दर वर्षी त्यावरचं नाव एका अक्षराने कमी होतं. लोक त्याला बढती समजतात. शेवटी एक अनुस्वार उरतो. तुम्ही ती दोन दिवसांत वाचून परत केलीत. पेन्सिलीच्या खुणा अगदी थोड्या. एक मात्र पहिल्याच ओळीवर होती. मी सुरुवात केली होती, 'या देशाने आम्हाला खूप काही दिलं, हे आधीच नमूद करायला हवं.' तुम्ही त्यावर आडवी रेघ मारून बाजूला लिहिलं होतंत, "उपकार मानून झाले. आता गोष्ट सांग."

मी ती ओळ दोन वर्षं तशीच ठेवली, काकू. खोडायला हात धजत नव्हता. त्या दोन वर्षांत गोष्ट तीनदा पुन्हा लिहिली, शेवट बदलला, मधला साहेब काढून टाकला, पण पहिली ओळ तिथेच. नवरा म्हणायचा, राहू दे, काय बिघडतंय? या वर्षी श्रावणात एका दिवाळी अंकासाठी गोष्ट टाइप करायला बसले. वही समोर होती, तुमची रेघ समोर होती, आणि त्या ओळीने मी कुणाची परवानगी मागते आहे, हे मला एकदम दिसलं. मी ती ओळ टाइपच केली नाही.

अंक परवा हातात आला. लेकीला त्यातलं वाचता येत नाही अजून, पण छापलेलं माझं नाव तिने बोट ठेवून अक्षर अक्षर लावून वाचलं. पूर्ण नाव. आडनावासकट.

एक प्रत मेलबर्नला पोस्टाने टाकली आहे. पान ८४. गोष्ट थेट ओळखपत्रापासून सुरू होते. पेन्सिल जवळ ठेवून वाचा, आणि खुणा केल्यात की प्रत परत पाठवा.

तुमची,
शनिवारी मागच्या टेबलाशी बसणारी