रात्री दोनची पाळी

मोहोळ,
शुक्रवार, रात्री साडेदहा

प्रिय अव्या,

फोनवर तू नुसतं ‘हां, हां’ म्हणतोस आणि मागं तुझ्या हॉस्टेलची पोरं बोंबलत असतात, म्हणून कागद घेऊन बसलोय.

तर झालं एकदाचं. दुसऱ्या कॅप राउंडला सोलापूरला नंबर लागला, बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षं, आठ सेमिस्टर. पहिल्याच सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मानसशास्त्र, समाजशास्त्र असं सगळं अंगावर येणार आहे. परवा फी भरून आलो. डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, गॅप सर्टिफिकेट यांच्या चकरा तुला माहीतच आहेत, ते पुराण सोडतो.

गावात पहिला प्रश्न ठरलेला, “म्हणजे नीटला नाही लागला का?” नाही लागलो, लेका. दोन वर्षांपूर्वी मीच नर्सिंगला जाणाऱ्या पोराला हसलो असतो. बाबांचा प्रश्न वेगळाच होता, “मग तुला सिस्टर म्हणणार का?” ब्रदर म्हणतात, हे सांगितल्यावर जरा हायसं वाटलं त्यांना.

खरी सुरुवात आजीपासून झाली. गेल्या आषाढात तिची उजवी बाजू गेली, बोलणंही तुटलं. नऊ दिवस दवाखान्यात होतो. कुठला ते लिहीत नाही. सोडताना गोळ्यांची चिठ्ठी दिली, पण हिची कूस बदलत राहा, एवढं वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही. घरी येऊन पंधरा दिवस होत नाहीत तोवर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. आई रोज तिथं खोबरेल तेल चोळायची, अगदी जीव लावून. नेमकं तेच करायचं नसतं! बोटानं दाबून लाली पांढरी पडत नसेल तर आतलं मांस दुखावलेलं असतं, चोळून ते आणखी बिघडतं. हे सांगितलं उपकेंद्रातल्या सिस्टरनी. नुसतं सांगितलं नाही, पदर खोचून करून दाखवलं. चादर दुमडून कमरेखाली घालायची, दोघांनी दोन बाजूंनी धरायची आणि माणूस उचलायचा, ओढायचा नाही. ओढलं की कातडी सोलवटते. मग अर्धवट कलतं करून पाठीशी उशी, आणि एक उशी पोटरीखाली, म्हणजे टाच अधांतरी राहते. दर दोन तासांनी हेच, रात्रीसुद्धा. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रकाने आखून भिंतीला लावले. डाग गेला, अव्या. महिना लागला, पण गेला. दया वगैरे सोड, हे आपल्याला जमतंय याचाच मला आनंद झाला होता.

म्हणून परवा मंडळानं नारळ-शाल देऊन ‘सेवेचं व्रत घेतलेला तरुण’ म्हटलं तेव्हा कान तापले. तू इंजिनिअरिंगला गेलास तेव्हा कुणी म्हणालं का व्रत घेतलंस म्हणून? व्रत म्हटलं की पगाराचं विचारायची सोय राहत नाही. भाषणात अर्थातच नाइटिंगेलबाई आणि त्यांचा दिवा. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईनं जास्त शिपाई मेले, हे त्या बाईंनी आकडे मांडून, चित्रं काढून सरकारला दाखवलं होतं. ती वही कुणाच्या भाषणात येत नाही.

तयारी म्हणशील तर हिपॅटायटिस बीचा पहिला डोस झाला, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. नखं कापली. हातातला गंडा आईच्या देखत सोडला, ती दिवसभर बोलली नाही. बाबांचं जुनं एचएमटी घेतलंय, कारण सेकंदकाटा लागतो. श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेवायचं आणि नजर छातीवर. बाबा दुपारी ड्यूटीवरून येऊन लवंडले की त्यांच्यावर सराव करतो. मिनिटाला सोळा भरतात. काल एक डोळा उघडून म्हणाले, “मेलो नाही अजून.”

सोमवारी निघायचंय आणि घोर एकच आहे, रात्री दोनची पाळी. दहा आणि बाराचं आई बघते, पण दोनला तिला उठवत नाही. तिला पहाटे चारलाही उठायचं असतं. बाबांना कधी विचारलंच नव्हतं. एसटीत कंडक्टरकी करून आलेला माणूस, त्यात “ते बायकांचं काम” हे वर्षभर ऐकलेलं. परवा गजर वाजूनही मला जाग आली नाही. सकाळी धडपडत तक्त्याजवळ गेलो, तर दोनच्या रकान्यात वे-बिल भरतात तशा ठसठशीत अक्षरात, ‘२.१० – डावी कूस. उशी सरकली होती, नीट केली.’ एकट्यानं कशी उचलली देव जाणे, बहुतेक ओढलीच असणार. रविवारी दुपारी दोघांना समोर बसवून चादर धरायला शिकवणार आहे.

दिवाळीला आलास की एक रात्र तुझी. आत्तापासून सांगून ठेवतो.

तुझा,
विन्या

ता.क. हे घड्याळ मनगटावर चालत नाही, वॉर्डात कोपराखाली हात मोकळे ठेवायचे असतात. खिशाला अडकवायचं, उलटं लटकणारं घड्याळ मिळतं म्हणे. पुण्यात बघ आणि आधी किंमत कळव.